पेंढ्याखालचं मीठ

मी ठिबक सिंचनाचं काम करतो आणि राहतो मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी विचारतो, "म्हणजे बाल्कनीतल्या कुंड्यांना?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग इथे शेती आहे कुठे?" दोन्हींची मला सवय झाली आहे. भाईंदरला पश्चिमेला उतरून उत्तनची बस पकडली की थोड्या वेळाने इमारती विरळ होतात. राई गाव लागतं, पुढे डोंगरी, मग समुद्र. तिथे अजून वाड्या आहेत. वाडी म्हणजे आंबा, चिकू, नारळ, कडेला ताड आणि मधे एक विहीर. माझं आयुष्य या विहिरींच्या काठावर गेलं. परळहून आईवडिलांबरोबर मीरा रोडला आलो, शेतीचा डिप्लोमा केला, आणि घरापासून रिक्षाच्या अंतरावर काम मिळालं म्हणून इथेच राहिलो.

ठिबक काय असतं हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. काळी नळी, तिला जागोजागी तोट्या, तोटीतून थेंब थेंब पाणी झाडाला. नळी टाकली की पाणी वाचलं, असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. थेंब पडतो तिथे जमिनीवर ओला डाग तयार होतो. डोंगरीला दुपारी समुद्रावरून वारं सुटतं, वरून ऊन असतंच, आणि तो डाग सतत वाळत असतो. तोटी ओलं करते, वारा वाळवतो. झाडाच्या वाट्याला त्यातलं उरलंसुरलं येतं. म्हणून माझं खरं काम नळी टाकून झाल्यावर सुरू होतं. जमिनीचा वरचा थर कोरडा ठेवायचा आणि पाणी खाली पोचवायचं.

त्याच्या युक्त्या साध्या आहेत. रोज थोडंथोडं पाणी द्यायचं नाही, मधे खंड ठेवून एकदाच सावकाश द्यायचं. पहाटे सुरू करायचं आणि ऊन चढायच्या आत थांबवायचं. तोटी बुंध्याशी नको, झाडाची सावली जिथे संपते तिथे हवी, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात. मोठ्या झाडासाठी जाड पाइपच्या तुकड्याला खालच्या बाजूला भोकं पाडायची, तो जमिनीत उभा ठोकायचा, आत खडी भरायची आणि तोटी वर बसवायची, म्हणजे पाणी हातभर खाली जाऊनच बाहेर पडतं. आणि या सगळ्यावर पांघरूण घालायचं. भाताचा पेंढा, नारळाची सोडणं, पातेरा, जे मिळेल ते. फक्त बुंध्याला टेकवायचं नाही, साल कुजते.

पांघरुणाला समुद्राकाठी दोन शत्रू आहेत, वारा आणि कोंबड्या. वारा पेंढा उडवतो आणि कोंबड्या तो उकरतात. त्यावर उपाय उत्तनच्या कोळ्यांकडे पडलेला होता. टाकून दिलेली मासेमारीची जाळी. पेंढ्यावर जाळं पसरायचं आणि कडेला दगड ठेवायचे. जाळी आधी गोड्या पाण्यात दोनदा बुचकळून घ्यायची, नाहीतर समुद्राचं मीठ थेट झाडाखाली जाईल. ही युक्ती मी काढली असं मी बरीच वर्षं सांगत होतो. खरं तर राईतल्या एका बाईने कोंबड्यांना वैतागून जाळं टाकलं होतं, ते बघून मला सुचलं.

आमच्या धंद्याची अडचण अशी की काम जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही. राईतल्या कमळाकरदादांच्या वाडीत मी नळ्या पुरल्या, पाइप ठोकले, पेंढा घातला. आठवडाभराने गेलो तर झाडं मलूल. दादा रोज सकाळी प्रत्येक झाडाखालचा पेंढा बाजूला करून, बोटाने माती उकरून ओल बघत होते आणि तसंच उघडं ठेवून पुढच्या झाडाकडे जात होते. मी म्हटलं, दादा, तुम्ही बघता म्हणून पाणी उडतंय. ते म्हणाले, "पोराला दूध मिलाला का न्हाय, ते बघायचं न्हाय का आयशीनं?" वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी फाटकाजवळ एक जास्तीची तोटी उघड्यावर बसवली. तिच्यातून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाणी टपकायचं. दादा येता-जाता तिच्याकडे बघायचे आणि त्यांचं समाधान व्हायचं. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाकडे मी अशी एक दाखवायची तोटी लावतो. तिच्याखाली बहुतेक जण जास्वंद लावतात.

असे किस्से माझ्याकडे भरपूर आहेत आणि एवढी वर्षं मी तेच सांगत आलो. सोसायटीच्या गॅलरीत, लग्नात, कुठेही. त्यांच्या आडोशाला एक गोष्ट राहिली. ती आता सांगतो.

या किनाऱ्यावर काम करायचं तर आधी विहिरीचं पाणी चाखावं लागतं. माझ्या बॅगेत मीटर असतो, पाण्यात बुडवला की खारेपणाचा आकडा दाखवतो. पण तो आधी काढला तर घरची माणसं दुखावतात. त्यांच्या विहिरीचं पाणी हातात न घेता त्यात यंत्र बुडवणं म्हणजे घरात येऊन चहा नाकारण्यासारखं आहे. म्हणून पहिली ओंजळ तोंडात, मीटर नंतर. माझी जीभ मीटरच्या फारशी मागे नव्हती आणि हे त्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत होतं. सतीशने पाणी गोड म्हटलं की ते गोड, असं लोक म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता.

चाखायचं कारण असं. इथल्या विहिरीत पावसाचं गोड पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं जितकं उपसाल तितकं खालचं वर सरकतं. त्यामुळे इथे पाणी वाचवणं म्हणजे पाण्याचा साठा करणं नव्हे. विहिरीत गोड पाण्याचं वजन राहू द्यायचं, म्हणजे खारं दाबून राहतं. उन्हात उडून जाणारं पाणी वाचलं की तेवढा उपसा कमी, आणि तेवढं ते वजन जास्त. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला काटकीने जमिनीवर विहीर काढून हे समजावतो. डोंगरीच्या तेरेजामावशींनाही समजावलं होतं.

मावशी सत्तरीच्या. नवरा बोटीवर कामाला असायचा, तो गेल्यावर त्यांनी वाडी एकटीने राखली. खाडीच्या अंगाला उतारावर आंब्याची जुनी झाडं आणि काही कोवळी, थोडे चिकू, नारळ. त्यांच्या बहिणीचा मुलगा आल्विन शेजारच्याच घरात बायकोबरोबर राहायचा. त्याची आई तो लहान असताना गेली, मावशींनीच त्याला वाढवला. त्याचा स्वतःचा पाण्याचा टँकर होता. तो लांबच्या विहिरींवरून भरायचा आणि बांधकामांना, लग्नाच्या हॉलना पुरवायचा. मावशींच्या विहिरीला मात्र तो टँकर लागत नसे. हे दोघांमध्ये कधीतरी ठरलं होतं आणि दोघंही पाळत होते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशी झाडांना आळी करून पाटाने पाणी सोडत होत्या. सगळी वाडी चकाकत होती. मला बघून म्हणाल्या, "मीरा रोडवाल्या, तुमच्याकडं झाड हाय का एखादं, का नुसत्या लिफ्टा?" मी त्यांच्या विहिरीचं पाणी चाखलं, गोड होतं. मीटर लावला, तोही तेच म्हणाला. मग आम्ही ठिबक घातलं, पाइप ठोकले, पेंढा, जाळी, सगळं. तीन उन्हाळे उत्तम गेले. पूर्वी मेच्या सुरुवातीला मावशींना विहिरीचा तळ दिसायचा. आता शेवटपर्यंत दिसेना. त्या शेजाऱ्यांना बोलावून विहिरीत वाकून बघायला लावायच्या. म्हणायच्या, बघा, हवेत जाणारं पाणी ह्याने पकडून ठेवलंय.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पाणी कमी आलं. सोसायटीला टँकर हवे होते आणि सगळीकडून मागणी असल्यामुळे मिळत नव्हते. आमचे चेअरमन भरतभाई माझ्याकडे आले. मी कमिटीत होतो, पण तोवर सहीपुरताच. भरतभाई म्हणाले, "सावंतभाई, तुम्ही तर विहिरीवालेच ना. तुमच्या ओळखीत कुठे असेल तर बघा ना." आणि मी तेरेजामावशींकडे गेलो.

मी त्यांना सांगितलं की तुमच्या विहिरीत जे वाचलेलं पाणी आहे त्यातलं थोडं आमच्या बिल्डिंगला द्या. आल्विनचा टँकर आहेच. मी काटकीने काढलेलं ते चित्र मला पाठ होतं. वाचलेलं पाणी फालतू नसतं, तेच खारं दाबून धरतं, हे त्या वाडीत सगळ्यात जास्त मला माहीत होतं. तरीही मी "वाचलेलं" हा शब्द असा वापरला, जणू ते बाजूला काढून ठेवलेलं आहे. आल्विन कुरकुरला. आपलं ठरलंय, तो म्हणाला. मावशींनी त्याला गप्प केलं. बिल्डिंगीत पोरंबाळं असतील, पाण्याला नाही म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पैशाचं त्या दोघांनी आपसात बघितलं, मी त्यात पडलो नाही. मात्र मावशी प्यायला नळाचं पाणी घेत आणि वयामुळे स्वतःच्या जिभेवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी एक अट घातली.

"तू येशील तवा पानी चाख. तुझी जीभ खारं बोलली का टँकर बंद. मी दुसऱ्या कोनाचं ऐकनार न्हाय."

खेपा ठरल्या. सुरुवातीला खरोखर थोड्या होत्या. मग शेजारच्या विंगने मागितलं, त्यांनाही मी हो म्हटलं. खेपा मीच वाढवल्या आणि मीच आल्विनला फोनवर सांगितल्या.

आता एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. घरात कोणी आजारी होतं, मुलीची परीक्षा होती, असं काही लिहून मला सूट घेता आली असती. तसं काही नव्हतं. झालं असं की ज्या इमारतीत इतकी वर्षं मला कोणी नावाने ओळखत नव्हतं, तिथे लोक लिफ्टचं दार धरून थांबायला लागले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर माझं नाव यायचं. गुजराती, हिंदी, मराठी सगळ्या भाषांत आभार. वॉचमन उठून उभा राहायचा. माझ्या कामात जितकं चांगलं करावं तितकं ते दिसत नाही, हे मी वर लिहिलं. टँकर दिसतो. त्याचा आवाज येतो, लोक गॅलरीत येतात. मला ते आवडलं. एवढंच कारण आहे, यापेक्षा मोठं नाही.

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी मी वाडीत गेलो. आल्विन टँकरपाशी पाइप गुंडाळत होता. मावशींनी बादली ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"काय रे, जीभ काय बोलते?"

मी ओंजळ तोंडात घेतली. पाणी खारं होतं. समुद्रासारखं नाही, पण शंका राहू नये इतकं. मीठ घातलेल्या पेजेत पाणी ओतून ती पातळ करावी तसं. मीटर बॅगेत होता आणि बॅग खांद्यावर. मी मीटर काढला नाही. काढला असता तर आकडा तिघांनीही पाहिला असता.

मी म्हणालो, "उधाण आहे मावशी. चार दिवसांत उतरेल. चालू द्या."

ही थाप फक्त तिथेच चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला खाडीकाठच्या विहिरी थोड्या खारावतात आणि पुन्हा गोड होतात, हे सगळ्यांना माहीत असतं. अमावास्याही जवळ आली होती, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. आल्विनने वर बघितलं, माझ्याकडे, मग बादलीकडे. मग पुन्हा पाइप गुंडाळायला लागला.

पुढचे आठवडे मी जे केलं ते तर आणखी वाईट. खारं पाणी द्यायचीच वेळ आली तर कमी नाही, जास्त द्यावं लागतं, म्हणजे मीठ मुळांच्या खाली ढकललं जातं. मी मावशींना ठिबकची वेळ वाढवायला सांगितली, कारण दिलं की ऊन फार आहे. म्हणजे झाडं वाचवायला म्हणून मी विहीर आणखी उपसायला लावली आणि खारं आणखी वर आणलं. त्यानंतर दोनदा चाखायला गेलो आणि दोन्ही वेळा ठीक आहे म्हणालो.

आंब्याची पानं टोकाकडून करपायला लागली. कैऱ्या गळायला लागल्या. शेजारचा चिकू मात्र हिरवागार आणि नारळाला तर काही झालंच नव्हतं. जाणकाराला एवढं पुरे आहे. आंबा मिठाला हळवा असतो, चिकू आणि नारळ सोसतात. उघड्या आळ्यांत पाणी दिलं असतं तर जमिनीवर पांढरा थर केव्हाच दिसला असता आणि मावशी मला विचारायला थांबल्या नसत्या. पण जमीन माझ्या पेंढ्याखाली होती. मी तुडतुड्यांवर आणि उन्हावर ढकललं, एक फवारणीही करायला लावली.

टँकर बंद झाला तो माझ्यामुळे नाही. आमच्या इमारतीत डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, नळांवर पांढरे डाग पडायला लागले. मीटिंग झाली. भरतभाई म्हणाले, "मिक्स करता है टँकरवाला. रस्ते में बोअर का भर लेता होगा. इन लोगों का यही है." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, मी बघतो. या दोन शब्दांत आल्विन चोर ठरला. सोसायटीने जास्त पैसे मोजून दुसरा टँकर लावला आणि मी फोन करून त्याला नको म्हणून सांगितलं. तो कारण विचारत होता, मी रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला.

इकडे डोंगरीला मावशींनी एका झाडाखालचं जाळं काढून पेंढा उचलला. ओलीच्या कडेने मातीवर मिठाची साय आली होती. त्या वाडीभर पेंढा उचलत गेल्या. सगळीकडे तेच. त्यांनी सरळ हिशोब मांडला. सतीशच्या जिभेला पाणी ठीक लागत होतं, म्हणजे सतीश नसताना कोणीतरी जास्तीचं उपसत होतं. तो एकच माणूस असू शकत होता. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, सगळ्या गावासमोर, त्यांनी आल्विनला विचारलं. तो म्हणाला, सांगितल्याच्या वर एक खेप नेली नाही. मावशी म्हणाल्या, "मंग सतीशची जीभ खोटी?"

हे मला मावशींनीच सांगितलं, माझ्यासाठी चहा करता करता. मी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे मलाही सांगता येणार नाही.

पावसाळ्याने मीठ बरंचसं धुऊन नेलं, पण कोवळी झाडं त्याआधीच गेली होती आणि जुन्यांपैकी कित्येकांच्या फांद्या वरून वाळत आल्या. खारात घालायला पुरतील एवढ्या कैऱ्याही पुढच्या वर्षी निघाल्या नाहीत. आल्विनने टँकर विकला. चोराचा टँकर कोण बोलावणार? तो भाईंदरला शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. दोन घरांमध्ये कुंपण नव्हतं, तिथे पत्रे उभे राहिले. मावशी एकट्या राहायला लागल्या, म्हणजे आधीही एकट्याच होत्या, पण आता शेजार असून नसल्यासारखा झाला. मी मेलेल्या आंब्यांच्या जागी चिकू लावून दिले, मजुरी घेतली नाही. मावशी गावात सांगत, सतीशसारखा माणूस नाही. विहीर यथावकाश परत गोड झाली.

यात काही वर्षं गेली. मी इतर वाड्या केल्या, कामं चांगली झाली. कोणी पाणी चाखायला पुढे केलं की मी आधी मीटर काढायला लागलो. लोकांना वाटलं, सतीश आता मोठा झाला.

यंदा मावशींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. बरोबर कोणीतरी लागतं, म्हणून त्यांनी मला फोन केला. मी गेलो. दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, हे कोण तुमचे? मावशी म्हणाल्या, मुलासारखा आहे. दुसऱ्या दिवशी डोळ्यावर हिरवी ढापणी लावून त्यांना रिक्षाने घरी आणलं. रिक्षा वळणावर थांबली तेव्हा आल्विन पत्र्यांच्या पलीकडे उभा होता. त्याने मावशींकडे बघितलं, ढापणीकडे बघितलं आणि आत गेला. मावशींना ते दिसलं नाही. मला दिसलं. ज्या जागी तो असायला हवा होता तिथे, त्यांचा दंड धरून, मी होतो.

त्यांना पडवीत खुर्चीवर बसवलं आणि उभ्याउभ्या सांगितलं. सगळं, क्रमाने. चाखलं तेव्हा खारं होतं, ते उधाणाने नव्हतं, मीटर मुद्दाम काढला नाही, खेपा मी वाढवल्या. आमच्या सोसायटीत आल्विनला काय म्हणाले आणि मी कसा गप्प बसलो, तेही.

मावशींनी विचारलं, "कवापासून खारं व्हतं?"

"एप्रिलपासून."

"आनी मी तुला बादली काढून दिली तवा आल्विन तितंच व्हता."

"हो. समोरच."

त्या उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. भिंतीला, मग पत्र्याला हात लावत त्या शेजारच्या दारापर्यंत चालत गेल्या आणि मला मागे यायची खूण केली. आल्विनच्या बायकोने दार उघडलं, मग तो आला. मावशींनी प्रस्तावना केली नाही.

"आल्विन, मी तुला चर्चच्या दारात चोर बोलले. तू न्हाय. आता ह्यो काय बोलतो ते ऐक."

मी परत सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. माझी तयारी होती की तो हात उचलेल. तो चौकटीला टेकून ऐकत राहिला.

"मी पन चाखलेलं त्या दिवशी," तो म्हणाला. "तू यायच्या आधी. मना खारं लागलं. तू बोललास उधान हाय. मंग पुढं दोनदा मना खारंच लागलं आनी तू बोललास ठीक हाय. मना वाटलं, माझीच जीभ गेली. सारखं टँकरचं, बोअरचं पानी तोंडात जातं, त्यानं गेली आसंल." मग म्हणाला, "अजून मी जेवनात मीठ बायकोला विचारून घालतो."

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. आल्विनने मावशींना विचारलं, डोळा दुखतो का? त्या म्हणाल्या, दुखतो. जेवलीस का, तर नाही. त्याने दार पूर्ण उघडलं, त्यांना दंडाला धरून आत घेतलं. मला कोणी बस म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं. मी बस स्टॉपकडे चालायला लागलो.

पुढच्या महिन्यात आल्विनचाच फोन आला, ठिबकचा फिल्टर तुंबलाय म्हणून. गेलो, साफ केला. पत्रे अजून होते, पण मधला एक काढून यायला-जायला वाट केली होती. माफ केलं, असं दोघांपैकी कोणी म्हटलं नाही, मी विचारलं नाही. काम झाल्यावर मावशींनी मला पडवीत थांबवलं. गावाला त्यांनी सांगून झालं होतं, पुन्हा मिस्सा सुटल्यावर, सगळ्यांसमोर, तसंच उभं राहून. आता तुझ्या बिल्डिंगीचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, भरतभाईंना सांगतो. त्या म्हणाल्या, एकाला सांगून काय होणार, बोलले तेव्हा तर सगळे होते.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा हा दिवाळी अंक सिल्व्हर पार्कात बऱ्याच घरी जातो. भरतभाईही घेतात, त्यांच्या सूनबाई मराठी आहेत. दरवर्षी संपादक माझ्याकडे वाडीचे गमतीचे किस्से मागतात आणि मी देत नाही. यंदा दिले, एक-दोन वर आलेही आहेत. पण लेख लिहायचं कारण पुढची दोन वाक्यं आहेत. ती मी मावशींना आणि आल्विनला आधी वाचून दाखवली.

त्या उन्हाळ्यात आपल्या टाकीत जे खारं पाणी आलं ते तेरेजामावशींच्या विहिरीचंच होतं. आल्विनने वाटेत एक थेंबही मिसळला नव्हता, आणि मी सांगितल्याच्या वर एकही खेप नेली नव्हती.